खालची मोटर, वरचा बूस्टर

ता. २ ऑगस्ट

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

फोन न करता पत्र लिहितेय, कारण फोनवर तू नुसता हं हं करतोस आणि तिकडे हिशेब तपासत असतोस.

तू अँटेना बसवून गेल्यापासून टीव्ही असा दिसतोय की बातम्या देणाऱ्या बाईच्या गळ्यातले मणी मोजावेत. पूर्वी पडद्यावर मुंग्या यायच्या. त्या बऱ्या होत्या, मुंग्यांतूनही माणूस ओळखू यायचा. या डिजिटलला मधलं काही माहीतच नाही. एक तर लख्ख, नाही तर सगळे चौकोन चौकोन आणि वाक्य अर्ध्यात तुटलेलं. तुझ्या कृपेनं सध्या लख्ख आहे.

सिग्नल वाढवणारी ती बूस्टरची डबी गॅलरीत अँटेनाच्या दांडीवर ऐटीत बसलीय. समोरच्या दारातल्या दंतवैद्यबाई विचारत होत्या की हे कुणी केलं. मी म्हटलं, आमचा भाऊ नोकरीनं हिशेबनीस असला तरी मनानं शास्त्रज्ञ आहे. मग तुझी भरपूर स्तुती करून झाल्यावर दांडी ठोकताना तू भिंतीला पाडलेलं भगदाडही दाखवलं.

खालच्या मजल्यावरची टेलरबाई तुझी आठवण काढते. पायांनी मशीन मारून गुडघे गेले होते बिचारीचे. आता तिनं मोटर बसवून घेतलीय. संध्याकाळी तिची घरघर वर येते आणि मला घरात कुणीतरी असल्यासारखं वाटतं. तिच्या घराची किल्ली माझ्याकडे आणि माझी तिच्याकडे, हे तुला ठाऊकच आहे. ती आहे म्हणून मी इथे एकटी निवांत झोपते.

वहिनीला आणि मुलांना आशीर्वाद. लोभ वाढव, वजन वाढवू नकोस.
तुझी ताई

ता. ११ ऑगस्ट

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

शाळेतून निवृत्त झालीस तरी शेरे मारायची सवय गेली नाही तुझी. भगदाडाचे दोन मार्क कापून बाकीचे मला दे.

काही सूचना लिहितो, त्या मात्र पाळ. अँटेना खिडकीच्या लोखंडी जाळीपासून लांब राहू दे. टीव्हीचा टॉवर पाण्याच्या टाकीच्या उजव्या अंगाला आहे, तोंड तिकडेच हवं. कपडे वाळत घालताना धक्का देऊ नकोस. मधूनमधून चॅनेल पुन्हा शोधून घेत जा, नवीन आलेलं असतं. आणि चित्र फुटायला लागलंच तर आधी आजूबाजूला मोटर कुठे चालतेय ते बघ. मिक्सर, ड्रिल, शिवणाचं मशीन. बहुतेक वेळा चोर तोच असतो. बूस्टरला हात लावू नकोस. तो मी स्वतः बसवलाय, त्यात काही बिघडणं शक्य नाही.

ही म्हणते, ताईंनी फुकटचा टीव्ही बघावा पण जेवण वेळेवर करावं. टेलरबाईंना नमस्कार सांग. त्यांनी आखूड करून दिलेली पँट रोज घालतो.

आहेस तशीच रागावत राहा, म्हणजे आम्हाला करमतं.
तुझा धाकटा

ता. ६ सप्टेंबर

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझं म्हणणं अगदी खरं ठरलं. चोर सापडला.

मागच्या आठवड्यात सलग पाऊस झाला. त्यानंतर संध्याकाळचं चित्र फुटायला लागलं. बातम्या लावल्या की चौकोन, आणि खाली मशीनची घरघर. मी दोन दिवस कान देऊन बसले. घरघर आणि चौकोन बरोबर एकाच वेळी! मग मी खाली जाऊन टेलरबाईला नीट समजावलं आणि एक नियम घालून दिला. मशीन सुरू करण्याआधी तिनं जिन्यातून वर हाक मारून ‘लावू का?’ म्हणून विचारायचं. मी टीव्ही बघत असेन तर थांबायचं. तिनं मान डोलावली. पण सगळं काम तिला संध्याकाळीच असतं. दिवसभर गिऱ्हाइकं मापं द्यायला येतात.

एवढं करूनही चित्र सुधारेना; मला वाटलं, ती हळूच मशीन चालवतच असणार. त्यातून कळलं की हा त्रास माझ्या एकटीचा नाही, सगळ्या मजल्यांवर रडारड आहे. दंतवैद्यबाईंनी जिन्यात सगळ्यांना गोळा केलं. बोलायला अर्थात मलाच पुढे केलं. मी मोटर म्हणजे काय, ठिणगी म्हणजे काय, सगळं समजावून सांगितलं. शेवटी असंही म्हणाले की एकीच्या पोटासाठी बाकीच्यांनी किती सोसायचं. टेलरबाई खालच्या पायरीवर गळ्यात टेप घालून उभी होती. ती एवढंच म्हणाली की तिच्याकडे टीव्ही नाही, त्यामुळे कसं दिसतं ते तिला काय कळणार. त्यावर कुणीतरी हसलं.

ते वाक्य मी जरा जास्तच बोलले असं आता वाटतंय. पण बोलून गेले.

सगळ्यांना आशीर्वाद. ममता असू दे.
तुझी ताई

ता. १५ सप्टेंबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

शाबास हेडबाई! रोगाचं निदान अचूक. नव्या स्वस्त मोटरी असल्याच असतात. तिला मशीन मागच्या खोलीत हलवायला सांग. इकडे ऑफिसात मान वर करायला वेळ नाही म्हणून पत्र आटोपतं घेतोय. बूस्टर मात्र चालूच ठेव.

रागावलीस तर दोन ओळी जास्त लिहीन.
तुझा धाकटा

ता. ९ ऑक्टोबर

चि. धाकट्यास,
आशीर्वाद.

हे पत्र वाचून झाल्यावर वहिनीला दाखवू नकोस. नाही, दाखव. लपवण्याचा मला कंटाळा आलाय.

टेलरबाईनं मशीन हलवलं, पण मागच्या खोलीत नाही, घराबाहेरच. गावाच्या दुसऱ्या टोकाला एक लाँड्री आहे, तिथे तिला कोपरा मिळाला. रोज बसनं जाते. जाताना माझी किल्ली परत करून गेली. स्वतःची मागितली नाही, मीही दिली नाही.

ती गेल्यावरही चौकोन होतेच. मी लोकांना सांगत होते की आणखी कुणाकडे तरी मोटर असणार. मग मी चार दिवस मैत्रिणीकडे राहून आले. परतल्यावर दंतवैद्यबाई हसत हसत म्हणाल्या की तुम्ही नव्हतात तेव्हा चित्र कसं काचेसारखं होतं! मीही हसले. आत येऊन टीव्हीचं बटण दाबलं आणि त्याच क्षणी सगळ्या मजल्यांवरून ओरड झाली.

बूस्टरचा प्लग टीव्हीच्याच बोर्डावर आहे, धाकट्या. मी टीव्ही लावते तेव्हाच तो सुरू होतो. आणि मी टीव्ही लावते संध्याकाळी, तिच्या मशीनच्या वेळी.

दंतवैद्यबाईंचं दार उघडं होतं, त्यांचा पडदा माझ्या उंबऱ्यातून दिसतो. मी नुसता बूस्टर बंद केला. तिकडे चित्र लख्ख. सुरू केला, चौकोन. पुन्हा बंद, पुन्हा सुरू. मुलींकडून जन्मभर घोकून घेतलं की प्रयोगात एका वेळी एकच गोष्ट बदलून बघा, मग बोला. मी एकही गोष्ट बदलून बघितली नव्हती. नुसता कान लावला आणि निकाल दिला.

याहून वाईट पुढे आहे. मी बूस्टर काढून कपाटात टाकला. दुसऱ्या दिवशी जो भेटेल तो माझे आभार मानायला लागला, की तुम्ही धीट म्हणून हे झालं. दंतवैद्यबाईंनी विचारलं, मशीन गेल्यावर इतके दिवस का लागले? मी म्हणाले की मोटरचा परिणाम जायला वेळ लागतो. मी म्हणाले हे! ज्या बाईनं मुलींच्या वह्यांवर ‘असत्य विधान’ म्हणून लाल रेघा मारल्या, तिनं.

आता टीव्ही लावावासाच वाटत नाही. बूस्टरशिवायही बातम्या नीट दिसतात, त्यामुळे तर मेल्याहून मेल्यासारखं होतं. ती रोज संध्याकाळी उशिरा जिना चढते तेव्हा एकेका पायरीवर थांबते. गुडघे. मी दाराआड उभी राहून ऐकते आणि दार उघडत नाही.

तुझी ताई

ता. १६ ऑक्टोबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र हिला दाखवलं. मग मला जेवण गेलं नाही.

चूक माझी आहे. त्या डबीचं तोंड खाली हवं आणि तारेला खाली वळसा हवा, म्हणजे पाणी ओघळून जातं. डबीबरोबरच्या कागदावर तसं चित्रच असतं, ते आता दुकानात विचारलं तेव्हा कळलं. मी तो कागद घडीही न मोडता फेकला, कारण मला सगळं येतं. मी तोंड वर ठेवून बसवली. पावसाचं पाणी आत गेलं. शाळेच्या कार्यक्रमात माइक कर्ण्यासमोर धरला की तो कसा किंचाळतो, तसा बूस्टर किंचाळत होता. कानांना ऐकू न येणारं, पण आजूबाजूच्या सगळ्या अँटेनांना ऐकू जाणारं. आणि बूस्टर तुला लागतच नव्हता. टॉवर तुझ्या घरातून दिसतो. नुसती अँटेना पुरत होती. मला काहीतरी मोठं केल्याचं दाखवायचं होतं.

आणि मोटरवर संशय घे हे लिहिणारा मीच. मी पहिल्या गाडीनं येतो आणि सगळ्यांना सांगतो की दोष माझा. तू फक्त एवढंच म्हण, माझा भाऊ मूर्ख निघाला. ते खोटंही नाही.

माझी लाज वाटत असेल तरी पत्र पाठव.
तुझा धाकटा

ता. ३० ऑक्टोबर

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

तू येऊ नकोस. डबी तू उलटी बसवलीस, ते तुझं. जिन्यात उभी राहून मी बोलले, ते माझं. दुसऱ्याच्या पाठीमागे लपायचं माझं वय नाही.

मी लाँड्रीत गेले. इस्त्र्यांच्या वाफेत, दोन कपाटांच्या मधे तिचं मशीन आहे. हात लांब केला की कोपर भिंतीला लागतं. ती शिवत होती. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं, खोटं बोलले तेही. तिनं मान वर केली नाही. शिवण संपल्यावर दातानं दोरा तोडला आणि म्हणाली की तुम्ही जिन्यात बोललात तेव्हा सगळे होते, आता इथे कुणीच नाही. एवढंच. मला वाटलं होतं की ती रडेल, किंवा जाऊ द्या म्हणेल. मी अर्धी माफी गृहीत धरूनच गेले होते, बघ.

परवा सुट्टीच्या दिवशी सगळ्यांना जिन्यात बोलावलं. तिलाही. तिचं मशीन मी टेम्पोनं आदल्या दिवशीच घरी आणवलं होतं, तिला विचारून. प्रत्येकाला आपापला टीव्ही लावून दार उघडं ठेवायला सांगितलं. मग तिला मशीन चालवायला सांगितलं. तिनं घरघर सुरू केली आणि एकाही पडद्यावर एकही चौकोन आला नाही. मग मशीन बंद करायला लावलं आणि वर जाऊन कपाटातला बूस्टर माझ्या अँटेनाला जोडला. ओरड तुला तिकडे ऐकू आली नाही हेच नवल.

खाली येऊन मी म्हणाले की हा बूस्टर माझा आहे, मला तीन आठवड्यांपूर्वी कळलं होतं आणि मी गप्प बसले. पोटाबद्दल जे वाक्य बोलले होते ते पुन्हा मोठ्यानं म्हटलं आणि तेही परत घेतलं. दंतवैद्यबाई चपलांकडे बघत राहिल्या. मागे जे कुणी हसलं होतं, ते आज हसलं नाही.

मला वाटलं संपलं. पण त्याच संध्याकाळी मी बातम्या लावल्या आणि जिन्यातून हाक आली, ‘लावू का?’

मी धावत खाली गेले. म्हणाले, आता कशाला विचारतेस, तुझं घर, तुझं मशीन. ती म्हणाली की सवय झालीय. कालही विचारलं. आजही. टोमणा असता तर मी सहन केला असता. ती खरंच विचारते. स्वतःच्या घरात, मशीनवर हात ठेवून, माझ्या परवानगीसाठी थांबते. ही सवय मी लावली. माझी शाळा मुलींना धाक घालायची नाही असं मी मिरवत होते.

आशीर्वाद. मला लोभ दाखवायची घाई करू नकोस.
तुझी ताई

ता. २१ नोव्हेंबर

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

भगदाड बुजवून घेतलं. अँटेना थोडी डावीकडे सरकवली, त्यानं आणखी दोन चॅनेल मिळाले. बूस्टर भंगारवाल्याला दिला. तोही म्हणाला याचं काही येणार नाही.

रोज हाक येत होती. रोज मी टीव्ही बंद करून जिन्यात जायचे आणि हो म्हणायचे. शेवटी हाकेच्या वेळेला मी आधीच उठून दाराशी उभी राहायला लागले, म्हणजे तिला थांबावं लागू नये.

आजही तशीच उभी होते. मागे बातम्या चालू होत्या. हाक आली नाही. मला वाटलं तिला बरं नाही की काय. कडीला हात घातला, तेवढ्यात खाली मशीन सुरू झालं. भर बातम्यांत, न विचारता, चांगलं जोरात.

मी कडीवरचा हात काढला. तिची किल्ली अजून माझ्या खिळ्याला लटकतेय. माझी मी तिला देऊ केलेली नाही. ती मागेल तेव्हा, मागितली तर.

आता पुरे करते. टीव्ही बंद केलाय, खाली मशीन चालू आहे, ते ऐकत बसणार आहे. सगळ्यांना आशीर्वाद. माझ्यावर लोभ उरला असेल तर तो असाच असू दे.
तुझी ताई