हेमंताची होडी आडवी झाली

७ फेब्रुवारी १९८८, रविवार
सुषमा, लिही. आणि माझं बोलणं सुधारू नकोस, तुझ्या शाळेतल्या बाईंना दाखवायचं नाहीये हे.
आज माझ्या नातवाने, सुषमाच्या भावाने, हेमंताने, अंगणभर कागद पसरले. कोंबड्यांना फिरायला जागा नाही. इंजिनेर होऊन तीन वर्षं ठाण्याला वागळे इस्टेटीतल्या कारखान्यात नोकरी केली, दिवाळीत सोडली, आता घरच्या होड्या बांधणार. आमच्यात होडी सुतळीने मापतात आणि डोळ्याने बांधतात. माझा मुलगा धर्मा, ह्या दोघांचा बाप, म्हणाला, "बांध तुझ्या मनाने. मी हातोडी चालवीन, तोंड नाही उघडणार."
गिऱ्हाईक गावातलाच, पदू नाखवा. त्याला पळणारी होडी हवी.

२० फेब्रुवारी, शनिवार
फळ्या बसल्या. फटींत कापूस ठोकणं चाललंय. होडी खाली पार निमुळती.
"काय रे, हिचं पोट कुठे गेलं?"
"आजी, बारीक असली की पाणी कापत जाते."
मनात एक आलेलं. गिळलं. म्हटलं, एवढं शिकलाय, काही युक्ती केली असेल. धर्माही दोनदा वाकून बघून आला. परत हातोडी घेतली.
जुन्या कारखान्याचं पत्र आलंय. सात मार्चला हजर झाला तर जागा आहे. हेमंत म्हणतो, होडी जमली तर जाणार नाही.

४ मार्च, धुळवड
दुपारी उधाणाची भरती. नारळ फोडला, होडी पाण्यात. काय पळाली! पदू लग्नातल्यासारखा नाचला. धर्मा हसला, मी पाहिलं.
मग ओहोटी. आमच्या होड्या रोज चिखलात बसतात, म्हशींसारख्या. हिला बसायला बूडच नाही. हळूहळू कलली आणि झाली आडवी. पदूची नवी जाळी चिखलात. रंग खेळणारे सगळे किनाऱ्यावर. "इंजिनेरची होडी दमली रे, झोपली!"
ह्याच चिखलात रांगलेला पोरगा. म्हणतो, "कागदावर खाडी कायम भरलेलीच धरलेली, आजी." जेवला नाही.

५ मार्च, शनिवार
सकाळीच जुंपली.
"बाबा, तुम्हाला दिसलेलं?"
"पहिल्याच दिवशी."
"मग बोलला का नाहीत?"
"तू विचारलंस?"
मी म्हटलं, "धर्मा, होडी त्याची पडली, पण लाज तुझी गेली." मग राहवलं नाही. सांगून टाकलं, मलाही दिसलेलं.
हेमंत माझ्याकडे वळला. "आजी, तू पण?"
हे गाळू नकोस, सुषमा. लिही.
पदू येऊन गेला. वेग त्याला सोडवत नाही, पण रोज लोळणारी होडी नको. हेमंताने कागद गुंडाळून माळ्यावर टाकले. सोमवारी कामावर जातो म्हणाला.

७ मार्च, सोमवार
सकाळी इस्त्रीचा शर्ट, पॉलिशचे बूट. डबा मीच भरला, बोंबील आणि भाकरी. खोपटच्या थांब्यापर्यंत चालत जाऊन बस धरणार होता.
वाट किनाऱ्यावरूनच. ओहोटी लागलेली. धर्मा गुडघाभर चिखलात, आडव्या होडीला टेकून. मी पायरीवर. आधी वाटलं, मान वर करणार नाही.
केली. ओरडला, "हेमा! तळाला दोन्ही अंगांना लाकडं ठोकली तर बसेल ना ही?"
हेमंत थांबला. "बसेल."
"वेग किती मरेल?"
"कुठे ठोकता त्यावर आहे."
"म्हणून तर विचारतोय, बाला."
चाळीस वर्षं होड्या बांधतोय माझा धर्मा. कोणाला विचारताना आज पहिल्यांदा ऐकला.
हेमंताने घड्याळ पाहिलं. "पाच मिनिटं हां, बाबा." बूट काढले, पँट दुमडली, डबा माझ्या हातात दिला, उतरला. आता दोघं होडीखाली वाकलेत. एकमेकांवर खेकसतायत. शर्टाची तर वाटच लागली.
कारखाना नऊचा. सुषमा म्हणते, पावणेनऊ झाले.
डबा माझ्या मांडीवर आहे. कुठे पोचवायचा, ते अजून कोणी सांगत नाही.