पुलाच्या अलीकडे

३ तारीख, स्टेशन

चि. सौ. खारूस, अ. आ.

त्या सकाळी मी पाणी भरलं, कपडे वाळत घातले, पुस्तकबांधणीच्या कारखान्यात न्यायची खळ शिजवली आणि मावशीकडून परवा येते असं तुझ्या बाबांना सांगून निघाले. परतीची गाडी वाटेत नऊ तास अडकली. पोचले तेव्हा शेजारी दारात उभे होते, तुझे बाबा गेले होते. हे लिहायचं नव्हतं, पण इथे बसल्या बसल्या तेच आठवतं.

कारण आजही गाडी अडकली आहे. नदीवरच्या पुलाचा खांब खचलाय. पलीकडे तीन तासांवर तू, अलीकडे मी. कामगार ट्रॉलीवरून टपालाची पिशवी पलीकडे नेतात, माणसांना नेत नाहीत. मलाही टपालात घाला म्हटलं, तर स्टेशनमास्तर म्हणाले, आधी वजन करावं लागेल.

डॉक्टरांनी दहा तारीख दिली आहे, तोवर पूल होईल. बाळंतपणाला मी हजर असेन असं कबूल केलंय. मी मुळीच घाबरलेली नाही. स्टेशनातली थांबायची खोली स्वच्छ आहे, नळाला पाणी आहे. घाबरलेली नाही, तूही घाबरू नकोस.

माया आहे तेवढीच राहू दे.

तुझी आई

५ तारीख

ती. आईस, शि. सा. न. वि. वि.

घाबरलेली नाही असं दोनदा लिहिलंस, तिथेच मला कळलं. म्हणून तुझ्या जावयांना आज सकाळी पुलाच्या आमच्या बाजूच्या स्टेशनवर पाठवलं. पूल सुरू झाला की तुझ्या बाजूला येऊन आईंना घेऊनच परततो म्हणाले. घड्याळं दुरुस्त करणारा माणूस, पण स्वतःचं घड्याळ टेबलावरच विसरून गेले!

काल पोट खाली आल्यासारखं वाटलं. वरच्या मजल्यावरच्या नर्सताई म्हणतात, दहा तारखेपर्यंत बाळ थांबेलच असं नाही. पण त्या दिवसभर कामावर असतात. सहज लिहिलं हं, मनावर घेऊ नकोस.

मुलीवर रागावलीस तरी पत्र पाठव.

तुझी खारू

६ तारीख, स्टेशन

चि. सौ. खारूस, अ. आ.

अगं, काय केलंस हे! माझ्या काळजीपोटी जवळचं एकुलतं माणूस पाठवून दिलंस? पत्र घडी करून ठेवलं. मग पाणी प्यायले, केस विंचरले आणि बाहेर जाऊन पाटी वाचली. पुढील सूचना मिळेपर्यंत पुलावरून गाड्या बंद. कारखान्यात दुमडायला येणाऱ्या छापील कागदांवरून मी वाचायला शिकले, तेव्हा वाटलं होतं, वाचता आलं की भीती कमी होते. तसं काही नसतं.

सकाळच्या ट्रॉलीने जावयांना चिठ्ठी धाडली की ताबडतोब घरी जा. उत्तर आलं, आई, तुम्ही तिकडे एकट्या बसलेल्या असताना मी पाठ कशी फिरवू? तुम्ही तिथे आहात तोवर मी इथे आहे. इतका भला आहे, त्याचाच राग येतो.

तू दाराला आतून कडी लावू नकोस. कळ आली तर समोरच्यांना हाक मार, लाजू नकोस. मी काहीतरी करते.

आई आहे, एवढं विसरू नकोस.

तुझी आई

९ तारीख

ती. आईस, शि. सा. न. वि. वि.

मुलगी झाली. सात तारखेला दुपारी. मी स्वयंपाकघरात भिंतीला धरून उभी होते, समोरच्या घराला कुलूप, आणि हे दारात! धावत जाऊन गाडी आणली. डॉक्टर म्हणाले, तासभर उशीर झाला असता तर अवघड होतं. आता दोघी बऱ्या आहोत.

हे सांगतात, तुझी दुसरी चिठ्ठी आली की तू घरी परत चालली आहेस. म्हणून हे निघाले. आई, पूल आज सुरू झाला! तू स्टेशनवरच असशील या आशेने यांनी इथल्या स्टेशनमास्तरांमार्फत तिथे विचारलं, तर नाहीस म्हणे. खरंच गेलीस? थापच मारायचीस ना, आणि बसून राहायचंस!

नातीचा आजीवर हक्क आहे, तो सांभाळ.

तुझी खारू

१२ तारीख, घर

चि. सौ. खारूस, अ. आ.

पत्र चारदा वाचलं. कारखान्यातल्या बायकांनाही वाचून दाखवलं. पुढच्या आठवड्यात रजा मिळतेय, येते. तोवर छोटीवर माझ्या वाटणीचीही माया कर.

थाप मारावी असं मनात आलं होतं. पण जावयांनी स्टेशनमास्तरांकडे चौकशी केली असती, आणि ते खरं सांगणारे गृहस्थ. मी बाकावरच बसून आहे असं कळलं असतं तर जावई हलले नसते. तेव्हा सहा तारखेला दुपारी चिठ्ठी लिहिली. दुसऱ्या दिवशी सकाळच्या ट्रॉलीने ती धाडली, परतीचं तिकीट काढलं आणि उलट्या दिशेच्या गाडीत बसले.

तुझी आई