खेकड्याची पकड

६ जून ९४, अंबरनाथ
कारखान्यात पत्रा ठोकणाऱ्या प्रेसखाली हात जाऊ नये म्हणून लांब दांड्याचा चिमटा करतोय. कॉम्प्युटरमध्ये वर्षभर जनावरं भरली: कोण कसं धरतं, कसं कापतं. आज विचारलं, सगळ्यात घट्ट धरणारं कोण? खेकडा. नांगीचे दात कॅडवर, म्हणजे कॉम्प्युटरच्या ड्रॉइंगमध्ये, उतरवले. शेठ स्क्रीनवर वाकून म्हणाले, "साहब, ये तो काटेगा."

२१ जून
चिमटा झकास. पत्रा सुटत नाही. घामाने निसटू नये म्हणून दांड्याला मनगटाचा पट्टा जोडला. प्रेसवर दत्ता भोईर. तो खूश.

४ जुलै
पेडल न दाबता प्रेसने दुसरा ठोका मारला. चिमटा साच्यात, पकड सोडेना. दांडा उसळला, पट्ट्याने दत्ताचा हात आत ओढला. तीन बोटं. फडक्यात गुंडाळून रिक्षात घातला. ओरडत होतो तो मी.

५ जुलै
दत्ताचा भाऊ महेश कुळगावहून आला. हातोडीने मॉनिटर फोडला. "भावाची बोटं गेली नि तुझा डबा शाबूत?" मग माझ्या तोंडावर बुक्की. मीही त्याला कॉलर धरून भिंतीवर आपटला. बरं वाटलं, खोटं कशाला लिहू. दात हलतोय.

१० जुलै, रवि.
वांगणीहून खेकडे आणले. पातेल्यात दोघांची जुंपली. एकाने दुसऱ्याचा पाय धरला. तो पाय तिथेच टाकून दुसरा सरकला. सुलू ओरडली, "अहो, बघत काय बसलात, वाटण झालंय."
गाढव मी. कोण धरतं ते विचारलं, कोण सुटतं ते विचारलंच नाही.

१५ जुलै
उसना मॉनिटर. विचारलं, अवयव टाकून कोण पळतं? पाल. परत खेकडा. त्याचा पाय मुळाशी ठरलेल्या जागीच तुटतो. पट्ट्याजवळ तशी बारीक पिन घातली. झटका बसला की पिन तुटणार, चिमटा जाणार, हात राहणार. निदान कॅडवर तरी.

२० जुलै
दत्ताच्या जागी महेश. शेठना उद्याच प्रेस चालू हवी. लाकडी दांडक्याला पट्टा बांधून ठोका मारून दाखवला, पिन तुटली. महेश म्हणाला, "लाकडाला काय बोटं हायेत?" पट्टा घालेना. बरोबर आहे त्याचं.
म्हणालो, उद्या आधी मी घालतो. चिमटा मुद्दाम साच्यात ठेवून ठोका मारायचा.
त्याने पट्टा हातात घेऊन ओढून पाहिला. मग म्हणाला, "पेडलवर पाय माझा."
हो म्हणालो.
सुलू म्हणते डावा हात घाला. पण चिमटा उजव्या हाताचा आहे.