कात्रीचा एक ठोका

माननीय कात्रीबाई यांना त्यांच्या बॉबिनचा नमस्कार. (वाकून करायचा होता, पण गुडघा ऐकत नाही. खुर्चीत बसूनच केला आहे, चालवून घे.) तुझी पाठ कशी आहे? लेक जवळ बसतो की येता-जाता नुसती हजेरी घेतो? सूनबाईच्या झग्याची शिवण बघून नाक मुरडलंस की नाही अजून? मुरडायचं तर मनातल्या मनात मुरड, बाई, आता तिथेच राहायचं म्हणतेस ना! चार दिवस लेकाकडे जाऊन येते म्हणालीस आणि गेलीस ती गेलीसच. तुझ्या मशीनवर मी घातलेली चादर अजून तशीच आहे.

इकडे सर्व क्षेम, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. खरं सांगायचं तर शिवणाची खोली खायला उठते. गिऱ्हाइकं हल्ली मापं कॉम्प्युटरवर पाठवतात, म्हणून माझ्या लेकाने त्याचा जुना लॅपटॉप आपल्या बेतायच्या टेबलावर, बरोब्बर तुझ्या जागी आणून ठेवला. त्याला बोलता येतं एकच, टुंग. गिऱ्हाईक आलं तरी टुंग, माझं बोट भलतीकडे पडलं तरी टुंग. तुझ्याशेजारी उभा जन्म काढलेल्या बाईला हे कसं पुरावं? तू तोंड न उघडता सगळं सांगायचीस. कात्री टेबलावर एकदा आपटलीस की थांब, चुकतंय. दोनदा आपटलीस की दारात गिऱ्हाईक. आणि नुसतीच हवेत कचकच केलीस की आमचे हे येताहेत, विषय बदल. (विषय बहुतेक हेच असायचे.) माझ्या सुनेने फोनवर सांगितलं की कॉम्प्युटरचे आवाज बदलता येतात, आपले स्वतःचेही भरता येतात. झालं, मी पदर खोचला.

पण कात्री तू नेलीस. मी स्वयंपाकघरातली आणून आपटली, तर दुधाच्या पिशव्या कापून ती अगदीच मवाळ झालेली. मग समोरच्या न्हाव्याकडे गेले. तो बिचारा दुकान सोडून स्वतः आला आणि कात्री परत मिळेपर्यंत माझ्याकडे अशा नजरेने बघत उभा राहिला की मलाच माझी काळजी वाटली. पहिला ठोका जोरात बसला आणि आतून हे ओरडले, काय पडलं? तेही त्यात भरलं गेलं, आणि मला काही ते पुसता येईना. त्यानंतर माझी काही चूक झाली की कॉम्प्युटर यांच्या आवाजात विचारायचा, काय पडलं? आणि आतल्या खोलीतून हे स्वतःलाच उत्तर द्यायचे, मला काय माहीत! पुढे सुनेने सगळं पुसून दिलं आणि मी पुन्हा, या वेळी यांना बाजारात पाठवून, आवाज भरले.

हवेतली कचकच मी बॅटरी संपत आल्याच्या सूचनेला लावली. या लॅपटॉपच्या बॅटरीत माझ्या गुडघ्याइतकाच जीव, वायर काढली की लगेच बोंब. आणि हे खोलीत आले की पहिलं काम म्हणजे ती वायर काढून आपला मोबाईल लावणे. त्यामुळे हे आले रे आले की कचकच! मी सवयीने गप्प व्हायची. (बोलत कोणाशी होते, विचारू नकोस.) परवा हे तिथेच थांबले. म्हणाले, "ही खूण माझी ना?" मग म्हणाले, "मला पहिल्यापासून माहीत होतं. तुम्हाला विषय बदलायला वेळ मिळावा म्हणून तर मी दारात चपला वाजवून काढायचो. आता कोणासाठी वाजवू?" एवढं बोलून मोबाईल न लावताच परत गेले. तुझ्या भावोजींबद्दल आपण इतकी वर्षं जे जे बोललो, त्यातलं निम्मं तरी मी मागे घेते. उरलेलं तू आल्यावर बघू.

काल एका झग्याला मी दोन्ही बाह्या डाव्या हाताच्याच लावल्या. कॉम्प्युटर शेजारीच होता, पण गप्प. तो त्याच्या चुकांना ठोकतो, माझ्या चुका त्याला कळत नाहीत. तू माझ्याकडे पाठ करून बसायचीस आणि नुसत्या मशीनच्या आवाजावरून ओळखायचीस. उसवत बसले आणि रडू आलं, लपवत नाही. तुझी फार आठवण येते गं.

मुलाबाळांना आशीर्वाद, सूनबाईला मी शिवून दिलेल्या ब्लाउजवरचा दाब-टाका आवडला का विचार.

तुझी,
बॉबिन

ता. क. पत्राचं खरं कारण राहिलंच. न्हाव्याची कात्री खोटी वाटते. आपल्या कात्रीचे ठोके मोबाईलवर भरून पाठव. संध्याकाळी ती ड्रॉवरमध्ये टाकून तू ड्रॉवर गुडघ्याने ढकलायचीस, तोही आवाज हवा. कॉम्प्युटर बंद करताना लावीन.

ता. ता. क. तो ड्रॉवर इथेच आहे, हे लिहिल्यावर लक्षात आलं. तेव्हा तो आवाज तिथून येणार नाही.

ता. ता. ता. क. काहीच पाठवू नकोस. आवाज मी सगळे बंद करून टाकले. ठोका पडला की मान तुझ्या खुर्चीकडे वळते, आणि मानही आता दुखायला लागली. कात्री घेऊन तूच ये. मशीनवरची चादर तशीच आहे असं वर लिहिलं ते खोटं, ती मी हे पत्र लिहायच्या आधीच काढून धुवायला टाकली आहे.