रिकाम्या मोटरीचं बिल

४ जून

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तू मोटरी दुरुस्त करतोस म्हणून विचारते. आमच्या पिठाच्या गिरणीची मोटर पाच हॉर्सपॉवरची आहे. तिला तासाला वीज किती लागते? आणि नुसती रिकामी फिरवली तर? यांनी दळणाचं वजन आणि विजेचं बिल समोर ठेवून विचारलं, एवढी युनिटं जातात कुठे. मी चार दिवस माहेरी येण्याचंही पुन्हा विचारून पाहिलं. गिरणी कोण सांभाळणार, हे उत्तर ठरलेलंच. वहिनीला नमस्कार.

तुझी धाकटी

१२ जून

चि. धाकटीस,
अ. आ.

गणिताच्या तासाला तुझ्या पोटात दुखायचं, आणि आता युनिटं मोजतेस? एक हॉर्सपॉवर म्हणजे पाऊण युनिट धर. पाच पाउणे पावणेचार. मोटर स्वतः तापण्यात थोडं खाते, ते धरून ताशी सव्वाचार. त्याला तुमच्या दराने गुण. दगड सैल सोडून रिकामी फिरवली तर जेमतेम एक. पण रिकामी फिरवतं कोण? पट्टा सुटतो का? तुझ्या पत्रांत हल्ली गिरणीशिवाय काही नसतं, वहिनीही तेच म्हणाली. मला काळजी वाटते. खरं काय ते लिही.

तुझा दादा

२० जून

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

पट्टा धडधाकट आहे. रिकामी मीच फिरवते. आवाज चालू असला की दळण चाललंय असं समजून मला कुणी हाक मारत नाही. दुपारी दगड सैल करते आणि पोत्यावर बसून राहते. या घरात माझी म्हणावी अशी तेवढीच जागा.

काल हे पुन्हा बिल घेऊन बसले, तर सासूबाई मध्ये पडल्या. दाणा ओलसर येतोय, मोटरला जड जातो, म्हणाल्या. दाणा चांगला खणखणीत वाळलेला होता. मग गिरणीत येऊन मला हळूच सांगितलं, की मूठ मूठ दाणे सोडत जा, रिकाम्या मोटरीचा आवाज बाहेर ओळखू येतो. माझ्या वयाच्या असल्यापासून त्या हेच करत आल्यात.

त्यांच्या मायेने मला भरून आलं, दादा, आणि मग मी त्यांची तिथली वर्षं मोजली. त्यांच्या वयापर्यंत मला त्या पोत्यावर बसायचं नाही. विचारून मला कुणी सोडायचं नाही. तू न्यायला ये.

लोभ आहेच, या खेपेला तो घेऊन दारात उभा राहा.

तुझी धाकटी