नाळेचे चार थर

४ मार्च

...ह्यांची शेवटची होडी बांधत होतो, त्या सकाळी पाणी लवकर आलं. पिंप भरलं, दूध तापवलं, केर काढला आणि पुढच्या खोलीची फरशी दोनदा पुसली. मग तिच्यावर काचेच्या धाग्यांचं कापड पसरलं. खाली कण राहिलेला ह्यांना चालत नसे. कागदाचा नमुना ठेवायचा, खडूने रेघ मारायची, मग कात्री. होडीच्या नाळेला सात थर, म्हणून सात तुकडे. नाळ म्हणजे पुढचं टोक, लाट पहिली तिथे बसते. प्रत्येक तुकड्यावर आकडा घातला, एक ते सात. मनगटं खाजत होती, ती थंड पाण्यात धरली. काच अंगात जाते म्हणून त्या दिवसाचे कपडे नेहमी वेगळे धुवायचे, ते भिजवले.

हे तुकडे घ्यायला आले. मी मागोमाग गेले, तर होडीच्या शेडच्या दारात म्हणाले, "आज तू नको. रेझिनच्या वासाने तुझं डोकं उठतं."

थर चिकटवायचं ते रेझिन सव्वीस वर्षं मीच कालवून दिलं. डोकं कधी उठलं नाही. पण बरं वाटलं, खोटं कशाला लिहू. दुपारचा चहा जरा जास्तच गोड केला.

हे आज आठवलं, कारण भाऊजी येऊन गेले. चौदा तारखेला क्लबच्या समितीची शेवटची बैठक. मास्तरांना पाण्यावर कायमची बंदी घालायची की नाही ते ठरणार. "मागे बोललात तेवढंच बोला, वहिनी. जास्त काही नको."

मागे मी बोलले ते असं. मास्तर अकरा वर्षं ह्यांच्या होडीत सुकाणूवर. नोव्हेंबरच्या शर्यतीत होडी फुटून उलटली. मास्तर पोहत आले. हे शिडाच्या दोरात अडकले, आले नाहीत. मास्तर पहिल्या दिवसापासून सांगतात – कशालाही धडकलो नाही, नाळ आपणहून फुटली. मी समितीसमोर, त्यांच्या तोंडावर म्हणाले – हा माणूस खोटारडा आहे, ह्याने होडी खडकावर घातली.

शाळेनेही त्यांना घरी बसवलंय. समिती काय म्हणते ते बघून घेऊ म्हणाले. गणित शिकवतात. बंदी आली तर तेही गेलं.

५ मार्च

ह्यांचे बूट उन्हात ठेवले. परत आत आणले.

७ मार्च

मोजणीवाला आला. शर्यतीच्या होड्या तोच तोलतो. फुटलेली होडी शेडमध्ये उलटी पडली आहे, चार महिन्यांत खडखडीत वाळली. स्वतःची वजनं त्याने पेटीतून काढली, प्रत्येक वजन फडक्यात गुंडाळलेलं. आधी काटा तपासला. मग तो आणि भाऊजी, दोघांनी होडी चढवली. सुटे तुकडेही वर ठेवले.

"ऐंशी किलो दोनशे ग्रॅम. नियम ऐंशीचा. बाई, तुमच्या मालकांनी कापडात कंजुषी केलेली नाही."

"ऐकलंत?" भाऊजी म्हणाले.

"होडी हलकी असती तर मी मास्तरांना संशयाचा फायदा दिला असता," मोजणीवाला म्हणाला. "काटा कुणाचा मेहुणा नसतो."

चहा दिला. त्याने बशीत ओतून प्यायला. मला हलकं वाटायला हवं होतं.

८ मार्च

शेडमधलं पुस्तक घरी आणलं. होड्या कशा बांधायच्या, त्याचं. माझी शाळा सातवीत सुटली, पुढचं सगळं पुड्यांच्या कागदांवर आणि ह्यांच्या पुस्तकांवर वाचलं. हे हसायचे – "तू किराण्याची यादीसुद्धा शेवटपर्यंत वाचतेस." वाचते. यादीत काय राहिलं ते शेवटीच कळतं.

एका पानावर ह्यांची पेन्सिल. टोकं हलकी आणि मध्य जड असला तर होडी लाटेवर डोलत नाही, वेग राहतो. म्हणून नियमात थर सगळीकडे ठरवून दिलेले असतात. आणि ते काट्यावर कळत नाही. काटा किती ते सांगतो. कुठे ते सांगत नाही.

पेन्सिलीची रेघ दोनदा ओढलेली आहे.

त्याच पुस्तकात पुढे – थर मोजायचे तर तुकडा कापून जाळा. रेझिन जळतं, काच जळत नाही.

९ मार्च

शेडमधली गोल करवत ड्रिलला लावली. फुटीपासून वीतभर मागे, नाळेच्या धड भागातून दोन चकत्या काढल्या, रुपयाएवढ्या. होडीच्या मध्यावर, डोलकाठीच्या खालून एक. तिथेही थर सातच हवेत.

स्वयंपाकघराच्या खिडक्या उघडल्या. नाळेची एक चकती सांडशीत पकडून गॅसवर धरली, मग डोलकाठीखालची. काळा, तेलकट धूर. नाकात अजून आहे. विझल्यावर पांढरं कापड राहिलं, माझंच कापड, जुन्या वहीसारखं ठिसूळ. सुईने एकेक थर सोडवला.

नाळेचे चार.

डोलकाठीखालचे दहा.

तीन कुठे चोरीला गेले नव्हते. हलवले होते. म्हणून वजन बरोबर भरलं. म्हणून मला त्या दिवशी शेडमध्ये घेतलं नाही. मी मोजले असते.

हे शर्यतीत सलग तीन वर्षं दुसरे आले होते. एवढंच होतं त्यात. पहिलं यायचं होतं.

१० मार्च

भांडं घासलं तरी वास जात नाही. ह्यांना मनातल्या मनात शिव्या दिल्या. मग त्यांच्या सदऱ्याचं तुटलेलं बटण लावलं.

१२ मार्च

भाऊजींना बोलावून थर दाखवले. त्यांनी एक थर बोटाने उलटला. मग हसले.

"आता इंजिनियरीणबाई गॅसवर निकाल लावणार का?"

"मोजा तुम्हीच."

मोजले नाहीत. "समजा, केलं दादाने. टोकं सगळेच हलकी करतात. दादाने जरा जास्त केली असतील. आता तो सांगायला आहे का? गेलेल्या माणसाला दुसऱ्यांदा बुडवू नका, वहिनी."

"आणि जिवंतपणी बुडतोय त्याचं काय?"

"मास्तर? तो पोहतो. नोव्हेंबरात बघितलं ना सगळ्यांनी."

असं बोलवतं तरी कसं माणसाला. मग लक्षात आलं, चार महिने मीही हेच बोलत होते.

ठरलं. बैठकीत सांगायचं.

१४ मार्च

नाळेची उरलेली चकती रुमालात बांधून पिशवीत नेली. क्लबचा वरचा हॉल. काचेच्या कपाटात चषक, वर ह्यांचा फोटो, नवी चौकट. हसताहेत. मोजणीवाल्याने कागद वाचला. ऐंशी किलो दोनशे. मास्तर शेवटच्या खुर्चीत होते, इस्त्रीचा सदरा, गळ्याशी मोठा झालेला. अध्यक्षांनी मला विचारलं, "बाई, तुमचं म्हणणं तेच आहे ना?"

रुमालाची गाठ हाताला लागत होती.

मी "हो" म्हणाले.

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं नाही. कायमची बंदी. दहा मिनिटं लागली असतील.

का म्हणाले? फोटोमुळे, असं वाटेत स्वतःला सांगत आले. ते अर्धंच खरं. उद्यापासून लोक ह्यांचं नाव घेताना मध्येच थांबतील, ते मला सोसलं नसतं. आणि मास्तर सुटले तर मी रागवायचं कुणावर? चार महिने त्या रागावर उठले, त्या रागावर जेवले. तो गेला तर खाली काय आहे ते मला बघायचं नव्हतं.

जिन्यात मास्तर मागून आले. मला वाटलं, आता बोलणार. बोलायलाच हवं होतं त्यांनी.

"वहिनी, पायरी बघा," म्हणाले. "ओली आहे."

१५ मार्च

सकाळी मास्तरांच्या घरी गेले. ते राजीनामा द्यायला शाळेत गेले होते. दार बायकोने उघडलं, आत या म्हणाली नाही. मी तशीच त्यांच्या स्वयंपाकघरात गेले, गॅस पेटवला, चकती जाळली आणि तिला थर मोजायला लावले. तिने मोजले, चार; सात हवे होते ते मी सांगितलं. मग थर रुमालात बांधले आणि चपला घालून आम्ही दोघी अध्यक्षांना ते दाखवायला क्लबवर गेलो.