कोरडी खोली

प्रिय अप्पा,

परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "मास्तरीणबाई, कॉलेजात दिवसभर करता तरी काय?" दुकानात गिऱ्हाईक उभं होतं, म्हणून मी हसून वेळ मारून नेली. आज नीट सांगते. तुम्ही करता तेच करते. ओलं वाळवते, चुरगळलेलं सरळ करते. तुमच्याकडे शर्ट येतात, माझ्याकडे झाडं. रोपटं मुळासकट काढायचं, रद्दीच्या कागदात पान न् पान उलगडून ठेवायचं, वर फळी, फळीवर वजन. कागद रोज बदलायचा, नाहीतर बुरशी धरते. वाळलं की जाड कागदावर टाके घालून बसवायचं आणि कोपऱ्यात लिहायचं, कुठे सापडलं, कधी, कोणी आणलं.

इस्त्रीवाल्याची पोर कुठे लपते! सुरुवातीला मला कागद बदलत बसायचा कंटाळा आला. शेजारणीची इस्त्री मागून आणली आणि फुलं रद्दीखाली घालून दाबली, कॉलर दाबावी तशी. फुलं तपकिरी झाली, पाकळ्या कागदाला चिकटून बसल्या. मला शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, "अगं, झाड आहे ते, नवरदेवाचा सदरा नाही!" तेव्हापासून इथे माझं नावच पडलंय, 'कडक इस्त्री'.

त्या बाई आता निवृत्त झाल्या आणि कॉलेजने आमची वाळलेल्या झाडांची खोली संगणकांसाठी मागितली. मी प्राचार्यांकडे गेले. ते म्हणाले, "वाळलेला पाला तो, त्याचं काय लोणचं घालणार आहात?" मी त्यांच्यापुढे एकच कागद ठेवला. स्टेशनामागच्या टेकडीवरचं निळं फूल. टेकडी फोडून तिची खडी झाली, आता ते फूल फक्त त्या कागदावर उरलंय. त्यांनी चष्मा लावून कोपऱ्यातली नोंद वाचली, मग म्हणाले, "महिनाअखेरपर्यंत कुठेही हलवा. नंतर रद्दीवाला." विद्यापीठ सगळं घ्यायला तयार आहे, पण त्यांची इमारत पुढच्या वर्षी उभी राहणार. घरातली पहिली पदवी म्हणून माझं प्रमाणपत्र तुम्ही दुकानात, गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर लावलंत. ते नुसतं भिंतीला शोभा म्हणून राहावं, असं मला वाटत नाही. ही झाडं मी रद्दीत जाऊ देणार नाही.

या कागदांची कपाटं चार होती. एकाची किल्ली फार पूर्वी हरवलेली. बंद आहे म्हणजे सुखरूप आहे, असं सगळे धरून चालले. कुलूप तोडलं तर आत नुसता किडीचा भुगा. उरलेली तीन वाचली, कारण बाई ती दर उन्हाळ्यात उघडायच्या, एकेक कागद हातात घ्यायच्या, वारा लावायच्या.

इथे खोल्या पुष्कळ पाहिल्या, अप्पा. जिथे ओल नाही, तिथे मालकाला 'पाला' नको. मग आठवली ती खोली, जी मला तोंडपाठ आहे. तिच्या भिंतीपलीकडे तुमचं इस्त्रीचं टेबल आणि शेगडी. भर पावसातही तिथे दमटपणा नसतो. म्हणूनच तर आईचा खोकला वाढला तेव्हा तुम्ही तिची खाट तिथे टाकलीत. ती गेल्यापासून खोलीला कुलूप आहे. तिचं सगळं जसंच्या तसं राहावं म्हणून तुम्ही ते लावलंत, हे मला कळतं. म्हणून आजवर एका शब्दाने बोलले नाही. पण ते चौथं कपाट मी या हातांनी झाडून काढलंय.

येत्या रविवारी मी टेम्पो घेऊन येतेय. तोवर एकट्याने काही हलवू नका, खोली आपण दोघांनी उघडायची. आईचे कपडे उन्हात टाकू. तुम्ही इस्त्री करा, मी घड्या घालते. खिडकीजवळचं तिचं कपाट तिचंच राहील, बाजूला माझी तीन. नाही म्हणालात तरी येणार, दारात बसून राहीन. हट्ट कोणाकडून घेतलाय ते तुम्हाला माहीत आहे. किल्ली सापडत नाही, असं मात्र सांगू नका. तुमचा शर्ट धुवायला घेताना आतल्या खिशातून ती काढून ठेवायचे आणि इस्त्री झाली की परत तिथेच घालायचे, ते मीच.

तुमचीच,
कडक इस्त्री